ताईंना घराबाहेर काढण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ताईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, सासर सोलापूर जिल्ह्यात, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. नवरा दारू पिऊन मारतो, सासू ‘आमच्या वेळेलाही असंच होतं’ म्हणून गप्प बसवते. आईवडील आता नाहीत. तुम्ही पुण्यात एका खोलीत राहता आणि ताईंना लवकरात लवकर बाहेर काढायचं ठरवलंय. सरकारकडून राहायला जागा आणि पैसे कुठून मिळतात, आधी पोलिसात जायचं की वकिलाकडे, आणि ‘घर सोडलं की हक्क जातो’ हे नातेवाईक सांगतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी एकोणीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रात अशाच प्रकरणांत समुपदेशक म्हणून काम करते. त्यातली बरीच वर्षं पोलीस ठाण्याच्या आवारातल्या एका खोलीत बसून गेली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या एका भीतीपायी बायका वर्षानुवर्षं मार खात राहतात. नातेवाईक सांगतात ते खरं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा (आम्ही सगळे त्याला ‘डीव्ही’ म्हणतो) सासरच्या घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर कोणाच्याही नावावर असो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तर सून काही मागू शकत नाही, असं पूर्वी कोर्टात ऐकावं लागायचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात ते पुसून टाकलं. मारहाणीमुळे जीव वाचवायला बाहेर पडलेली बाई ‘घर सोडून गेली’ असं होत नाही. ती पुण्यात तुमच्याकडे तात्पुरती राहिली तरी पुण्याच्या कोर्टात अर्ज करू शकते, त्यासाठी सोलापूरला हेलपाटे घालायची गरज नाही.

उलटंही तितकंच खरं आहे, आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. मदत मागण्यासाठी घर सोडावं लागत नाही. सासरी राहूनही संरक्षणाचा आदेश, घरखर्चाचा आदेश, नवऱ्याने अमुक खोलीत यायचं नाही असा आदेश मागता येतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दावर थांबते. तुम्ही तीन वेळा लिहिलंत, ‘तिला बाहेर काढायचं आहे.’ ताईंना काय हवंय ते मात्र कुठे आलं नाही. हे दोष द्यायला सांगत नाही. भावाचा जीव तुटतो तेव्हा असंच लिहिलं जातं. पण कामाला लागल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी मी हीच चूक केली होती. एका बाईच्या पाठीवरचे वळ बघून मी तिला त्याच दुपारी माहेरी पाठवलं. नवव्या दिवशी ती परत सासरी गेली. मुलीची वार्षिक परीक्षा होती, दाखला सासरी होता, हातात पैसे नव्हते आणि माहेरच्यांनी पाचव्या दिवसापासून ‘आता पुढे काय’ विचारायला सुरुवात केली होती. परत गेल्यावर तिचा मार वाढला, आणि पुढची दोन वर्षं ती माझ्याकडे फिरकली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकीला आधी विचारते : तुला नांदायचंय पण मार नकोय, का वेगळं राहायचंय, का अजून ठरत नाही? तिन्ही उत्तरांना वेगवेगळे रस्ते आहेत आणि तिन्हींसाठी सरकारी यंत्रणेत जागा आहे. ‘अजून ठरत नाही’ म्हणणाऱ्या बाईचंही एक काम आजच सुरू करता येतं. ते काम म्हणजे नोंद.

माझ्या लेखी खरा प्रश्न हा आहे : बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने ताई कशाच्या जोरावर उभ्या राहतील, आणि तोवर त्यांच्या हातात कोणते कागद असतील? सरकारी मदत एका खिडकीवर एका अर्जाने मिळत नाही. ती वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद मागतात. म्हणून सुरुवात योग्य ठिकाणाहून झाली की पुढचं बरंच सोपं जातं.

ते ठिकाण म्हणजे संरक्षण अधिकारी. हे पद डीव्ही कायद्यानेच निर्माण केलं. ते महिला व बालविकास विभागाकडे येतं, आणि सोलापूरच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारलं की ताईंच्या तालुक्याचं काम कोणाकडे आहे ते सांगतात. संरक्षण अधिकारी बाईचं म्हणणं ऐकून ठरलेल्या नमुन्यात ‘कौटुंबिक घटना अहवाल’ लिहितात. कोर्टात सगळे त्याला डीआयआर म्हणतात. कधी मारलं, कशाने मारलं, कोण हजर होतं, दागिने कोणी काढून घेतले, घरखर्च कधी बंद केला, असं सगळं त्यात येतं. कायद्याने फक्त मारहाणीलाच हिंसा मानलेलं नाही. लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ आणि अपमान, पैशाची कोंडी हेही त्यात आहे. मजुरीचे पैसे हिसकावणं किंवा स्त्रीधन गहाण टाकणं ही आर्थिक हिंसा झाली. बायका हे सांगत नाहीत, कारण त्यांना ते तक्रारीजोगं वाटतच नाही. ताईंना हे आठवून ठेवायला सांगा.

डीआयआर झाला म्हणजे लगेच केस झाली असं नाही. अहवालाची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्याला जाते, पण कोर्टाकडून आदेश हवा असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो कधी करायचा ते ताई ठरवतील. ‘अजून ठरत नाही’ म्हणणाऱ्या बाईसाठी मी हाच रस्ता धरते. अहवाल नसला म्हणून कोर्ट अर्ज नाकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलंय. तरीही तो करून घ्याच म्हणते, कारण पुढे ‘एकदाच भांडण झालं होतं’ असं म्हणायला सासरच्यांना जागा राहत नाही.

तुमच्यासाठी एक तरतूद मुद्दाम सांगते. अशी हिंसा चालू आहे ही माहिती संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही देऊ शकतं; बाईनेच जायला हवं असं नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही केस होऊ शकत नाही. तुम्ही भाऊ म्हणून देऊ शकता, तसंच अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शेजारीणही देऊ शकते. फक्त ताईंना न विचारता देऊ नका. अधिकारी अचानक दारात उभे राहिले तर त्या रात्री घरात काय होईल, याचा अंदाज फक्त त्यांनाच आहे.

आधी पोलीस की वकील, हे परिस्थितीवर आहे. जिवाला धोका असेल, हत्यार काढलं असेल, रॉकेल किंवा पेट्रोलची धमकी दिली असेल, तर दुसरं काही बघायचं नाही, थेट पोलिसांच्या ११२ला फोन. बाकी वेळी मी पोलिसांकडे काय मागायचं ते आधी ठरवून पाठवते. ठाण्यात गेल्यावर बहुतेकदा ‘एनसी’ लिहून घेतात, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, आणि नवऱ्याला बोलावून समज देतात. बायका निराश होऊन येतात, म्हणतात, काही झालं नाही. पण एनसीची प्रत मिळते, तिच्यावर तारीख असते, आणि दोन वर्षांत पाच एनसी असतील तर न्यायाधीश त्या एकामागे एक वाचतात. प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघायचं नाही.

अंगावर मार असेल तर ठाण्यातून दवाखान्याची यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी दवाखान्याला दिलेलं पत्र, मागून घ्यायची आणि ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यायचं. ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर थेट सरकारी दवाखान्यात जाता येतं. तिथे मात्र खरं सांगायला हवं. ‘पडले’ म्हटलं की केसपेपरवर पडल्याचं येतं, आणि पुढे तोच कागद आपल्याविरुद्ध वापरतात. ‘नवऱ्याने लाकडाने मारलं’ असं सांगितलं की डॉक्टर एमएलसी करतात, म्हणजे मारहाणीची कायदेशीर वैद्यकीय नोंद. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००पासून ‘दिलासा’ केंद्र आहे, तिथे दवाखान्यातच अशा बायकांना बोलतं केलं जातं. पुढे ते महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोचलं. तालुक्याच्या दवाखान्यात तसं विचारणारं कोणी भेटेलच असं नाही, म्हणून ताईंना आधीच सांगून ठेवा.

नवऱ्यावर आणि सासरच्यांवर गुन्हा दाखल करायचा असेल तर विवाहितेच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४पासून. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा गुन्हा पुण्यातही दाखल होऊ शकतो. सासर सोडून बाई जिथे आश्रयाला आली तिथल्या हद्दीत तो दाखल करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या रूपाली देवी प्रकरणात म्हटलंय. ‘जिथं घडलं तिथं जा’ असं कोणी म्हणालं तर हे शांतपणे सांगायचं. हा गुन्हा आधी की डीव्हीचा अर्ज आधी, यावर माझ्याच क्षेत्रातल्या लोकांत मतभेद आहेत. माझं मत असं : मार जबर नसेल आणि मुलं लहान असतील तर आधी डीव्ही. गुन्हा दाखल झाला तर नवऱ्याला शिक्षेची भीती बसते, पण ताईंच्या हातात दरमहा पैसे त्यातून येत नाहीत. डीव्हीतून येतात. दोन्ही एकदम चालवायलाही कायद्याची आडकाठी नाही.

डीव्हीच्या अर्जात काय काय मागता येतं? मारहाण आणि संपर्क थांबवणारा संरक्षण आदेश, राहण्याचा आदेश किंवा त्याऐवजी दुसऱ्या घराचं भाडं, ताईंचा आणि मुलांचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, शिवाय झालेल्या त्रासाची भरपाई. सगळं एकाच अर्जात. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. तसं होताना मी क्वचित पाहिलंय, तेव्हा साठ दिवसांच्या भरवशावर भाड्याचं गणित मांडू नका. म्हणून अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी करायची. धोका दिसत असेल तर समोरच्याला न ऐकताही तातडीचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पोटगीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२०च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात. निकालाला वर्ष लागलं तरी मधल्या महिन्यांचे पैसे बुडत नाहीत. पण अर्जच उशिरा केला तर तेवढे महिने कायमचे गेले. ‘आधी बैठक घेऊ, मग बघू’ म्हणणाऱ्या मामा-काकांना हे जरूर सांगा. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, त्यामुळे ‘माझ्याकडे काहीच नाही’ म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. दाजी कुठे नोकरीला असतील आणि आदेश होऊनही पैसे देत नसतील, तर पगारातून परस्पर कापून द्या, असं कोर्ट मालकाला सांगू शकतं. शेती असेल तर सातबाऱ्याचा उतारा ऑनलाइन निघतो. तो आजच काढून ठेवा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो लागत नाही असं सांगायचं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, आणि १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. मोफत वकील म्हणजे हलका वकील असा समज आहे. माझ्या अनुभवात काही फार उत्तम निघाले, काही तारखेला आलेच नाहीत. वकील येत नसेल तर प्राधिकरणाला लेखी कळवून बदलून मागता येतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : आधी ताईंचं मत, मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे नोंद, मार असेल तर एमएलसी आणि एनसीची प्रत, मग मोफत वकिलामार्फत अंतरिम आदेशासह अर्ज. आता जागा आणि पैसा.

जागेचं स्पष्ट बोलते. जिल्ह्यात ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, ही केंद्राची योजना २०१५पासून आहे. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली, असा तिचा उद्देश. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की बहुतेकदा तिथेच जोडून देतात. निवारा साधारण पाच दिवसांपुरता. रात्री अकरा वाजता दोन मुलं घेऊन रस्त्यावर आलेल्या बाईला तो फार मोठा आधार आहे, पण पाच दिवसांत आयुष्याची घडी बसत नाही. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे पूर्वीची स्वाधारगृहं, केंद्राच्या मिशन शक्ती योजनेत आता हे नाव आहे. शिवाय शासकीय महिला राज्यगृहं आहेत. तिथे जेवण, राहणं, काही ठिकाणी शिवण वगैरेचं प्रशिक्षण मिळतं. डीव्ही कायद्यानुसार बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्यांनी विनंती केली तर निवारागृहाने आसरा द्यायलाच हवा.

तरी या जागांचं गोड चित्र रंगवणार नाही. बाहेर जाण्या-येण्यावर बंधनं असतात, काही ठिकाणी फोन ठेवून घेतात, आणि मोठ्या मुलग्यांना आईसोबत ठेवत नाहीत. तुमचा भाचा चार वर्षांचा आहे, त्यामुळे ती अडचण आज नाही, पण आधी फोन करून विचारा. माझ्याकडच्या कितीतरी बायका ‘तिथं कैदेसारखं वाटतं’ म्हणून परत निघाल्या. त्याच वेळी अशीही एक आठवते जी आठ महिने राहिली, शिवण शिकली, आणि आज तालुक्याच्या बाजारपेठेत दोन मशिनी चालवते. तुमची एक खोली असली तरी ताईंना तीच सोयीची वाटू शकते. तसं ठरलं तर ती कायमची सोय नाही, भाड्याचा आदेश येईपर्यंतची आहे, हे तुम्ही, तुमच्या पत्नी असतील तर त्या, आणि ताई असं एकत्र बसून आधीच बोला. न बोललेल्या गोष्टींमुळे माहेरं तुटताना मी पाहिली आहेत.

पैशाबद्दल तुमची अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या बाईला एकरकमी रक्कम देणारी योजना आपल्या राज्यात मला माहीत नाही. ‘मनोधैर्य’चं नाव लोक घेतात, पण ती बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा घटनांसाठी आहे; रोजच्या मारहाणीला ती लागू होत नाही. मग जे आहे ते जुळवून घ्यायचं.

पहिली लाडकी बहीण, दरमहा १५००. ताईंना कदाचित आत्ताही मिळत असेल. प्रश्न एवढाच की पैसे जातात कोणत्या खात्यात आणि ते खातं कोणाच्या हातात आहे. थेट हस्तांतराचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं ज्या मोबाईलला जोडलंय तो नवऱ्याकडे असेल, एटीएम सासूकडे असेल, तर पैसे ताईंच्या नावाचे आणि वापर दुसऱ्यांचा. बाहेर पडल्यावर पहिल्या आठवड्यात करायची दोन कामं : आधार केंद्रावर जाऊन आधारचा मोबाईल क्रमांक बदलणं, आणि पोस्टात किंवा बँकेत स्वतःचं नवीन खातं उघडून तेच आधारला जोडून घेणं. या कामात आठवडाभराचा उशीरही महाग पडतो, कारण पुढची प्रत्येक योजना याच खात्यावर येणार आहे. २०२५मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकांची मोठी पंचाईत झाली. अशा वेळी डीआयआर आणि कोर्टात अर्ज केल्याचा कागद घेऊन अंगणवाडी सेविकेकडे आणि महिला व बालविकास कार्यालयात जावं लागतं. कागद असलेल्या बाईशी तिथे निदान बोलतात तरी.

दुसरी संजय गांधी निराधार अनुदान योजना, गावाकडे जिला ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या, पोटगी न मिळणाऱ्या आणि अत्याचारित स्त्रियाही तिच्यात बसतात, हे तलाठ्याकडे गेल्यावर आपणच सांगावं लागतं. अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची मर्यादा फार खाली आहे, आणि लाडकी बहीणसोबत दोन्ही मिळत नाहीत, म्हणून कोणती टिकेल ते पाहून एक निवडायची.

तिसरी, जी मला मुलांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिची चौकशी सगळ्यात कमी होते, ती बालसंगोपन योजना. सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ती चालते. एकटे पालक, आईवडिलांचा घटस्फोट किंवा विभक्तपणा, कुटुंबातलं संकट अशा कारणांनी मुलाच्या संगोपनाला दरमहा २२५० रुपये मिळतात. दोन्ही मुलांचे अर्ज वेगळे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालय आणि बालकल्याण समितीमार्फत हे होतं, गृहभेट होते, वेळ लागतो, पैसे कधीकधी थकून एकदम येतात. भाड्यासाठी यावर विसंबू नका, पण शाळेची वर्षं निघतात.

आता बाहेर पडण्याच्या दिवसाबद्दल, कारण सगळ्यात जास्त धोका त्या दिवसाच्या आसपास असतो. बाई हातातून चालली हे कळल्यावर मारणाऱ्याचा तोल जातो. म्हणून हे भांडणात जाहीर करायचं नाही, आणि दाजींना फोनवर ‘बघून घेतो’ म्हणायचं तर अजिबात नाही. ताईंच्या फोनवर या विषयाचे मेसेज टाकू नका. लोकेशन चालू आहे का, त्यांचं गुगल खातं नवऱ्याच्या फोनवरही उघडं आहे का, हे समोरासमोर भेटून बघा. मुलांना सोबतच घ्या. कोर्टाचा उलटा आदेश नसेल तर आईने आपली मुलं सोबत नेणं हा गुन्हा नाही. मुलं मागे राहिली तर मात्र ती परत मिळवायला महिने लागतात, आणि तोवर ‘मुलांसाठी ये’ हा एकच निरोप रोज येत राहतो. त्या निरोपावर परत गेलेल्या बायका मी मोजायच्या सोडून दिल्या.

ताई पुण्यात पोचल्या की त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या : मी मारहाणीमुळे मुलांसह स्वेच्छेने भावाकडे आले आहे, सुरक्षित आहे. पोच घ्या. सासरचे बहुधा दुसऱ्याच दिवशी ‘मिसिंग’ दाखल करतात आणि मग पोलीस दारात येतात. हा एक कागद असला की विषय तिथेच मिटतो. आणखी एक. बैठकीत कोणी बाँडवर सोडचिठ्ठी लिहून सही मागेल, ‘माझी काही तक्रार नाही, पोटगी नको’ वगैरे मजकुराची. हिंदू विवाह अशा कागदाने मोडत नाही, पण सही केलेला मजकूर पोटगीच्या वेळी समोर ठेवला जातो. वकिलाला दाखवल्याशिवाय ताईंनी कशावरही सही करू नये, पोलीस ठाण्यातल्या समझोत्यावरसुद्धा.

भाचीच्या शाळेचं फार मनावर घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आधी मूल वर्गात बसवायचं, दाखला शाळा शाळेकडून मागवेल. धाकट्याला जवळच्या अंगणवाडीत घाला. तो चार तास तिथे असला की ताई कार्यालयांच्या फेऱ्या मारू शकतील.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, आणि त्यावर सल्ला बदलेल. ताई कमावतात का? दाजींची नोकरी आहे की शेती की रोजंदारी? मार फक्त दारूत होतो की शुद्धीवरही? मुलांवर हात टाकलाय का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचं थांबवून १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला आधी फोन करा.

आणि कागद. एकदम पिशवी भरली तर घरात लगेच लक्षात येतं. दिवाळीला, राखीपौर्णिमेला, कोणाच्या लग्नाला ताई येतील तेव्हा एकेक आणू द्या : त्यांचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या किंवा ते घातलेले लग्नातले फोटो, जुने केसपेपर. मूळ प्रत आणता येत नसेल तर तुमच्या फोनवर फोटो काढून घ्या, त्यांच्या फोनवर नको. चार वर्षांच्या मुलाचं लसीकरणाचं कार्डही घ्या. माझ्याकडे आलेल्या दहा बायकांपैकी नऊजणी तेच विसरतात, आणि ते असलं की नव्या गावातली आशाताई पहिल्याच दिवशी घरी येते.